आगरकोटातील उन्हाळा
(रेडिओवरील भाषण)



ज्या युरोपीय नगरात मी गतवर्षीचा उन्हाळा काढला, त्या नगरात जाण्यास पारपत्र लागत नाही. अलिबागेहून मुरुडच्या वाटेने निघालेली एस. टी. आपल्याला तेथे उतरवून देते, आणि उतरल्यावर प्रथम दृष्टीस पडते ती नारळी-पोफळींची दाटी. आज ज्यास आपण रेवदंडा म्हणतो, तो गाव फिरंग्यांनी चौलच्या बंदरालगत उभारलेल्या एका तटबंद शहराच्या, म्हणजे आगरकोटाच्या, आत नांदत आहे, ही गोष्ट पुस्तकातून ठाऊक असूनही मनात ठसण्यास मला पुष्कळ दिवस लागले.

चौल त्याहून फार प्राचीन. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी तेथे येऊन गेला. पोर्तुगीजांना निजामशाहीकडून वखारीची परवानगी मिळाली 1516 मध्ये, किल्ल्याचे काम सुरू झाले 1521 मध्ये. मुर्तजा निजामशाहाने 1570-71 मध्ये घातलेल्या वेढ्यासही न नमलेले ते ठाणे अखेर, वसई पडल्यानंतर, 1740 च्या तहान्वये मराठ्यांच्या हवाली झाले. इतकी बखर पुरे.

माझ्या आवडीच्या जागांत पहिला मान वाड्यांचा. जेथे एके काळी मठ, गिरजे आणि सावकारांच्या हवेल्या होत्या, तेथे आता आळ्यांतून पाणी खेळते, पोफळीवर मिरवेल चढते, आणि भर दुपारच्या निःस्तब्धतेत एखादी वाळलेली विरी अशा आवाजाने खाली येते की नवख्याने दचकून उठावे. शिंपणे चालू असता एका पडक्या कमानीच्या सावलीत बसून वाचण्याचा माझा परिपाठ होता. वाचन थोडे होई, पाण्याची वाट पाहणेच अधिक. झाडांची मुळे भिंती फोडतात, अशी जाणकारांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. तथापि शत्रूस अडविण्याकरिता रचलेला तो तट आज समुद्राचा खारा वारा थोडाबहुत अडवून त्याच झाडांना आसरा देतो, हे पाहिल्यावर त्या वास्तूचा खरा उपयोग बागाइतदारांनीच ओळखला, असे माझे मत झाले आहे.

सातखणी बुरूज मात्र मला दुरूनच आवडला. फ्रान्सिस्कन पंथीयांच्या गिरजाचा हा मनोरा. त्याचे वरचे मजले ढासळले आहेत. पायथ्याशी छायाचित्रे घेणाऱ्यांची वर्दळ असते. तोच माडांच्या शेंड्यांमधून अवचित दिसला म्हणजे त्याची उंची कळते.

गावात एक काळा स्तंभ आहे, तो त्वेर येथील रशियन व्यापारी आफानासी निकितिन याच्या स्मरणार्थ. वास्को द गामाच्या आधी सुमारे तीस वर्षे हा गृहस्थ विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. स्तंभापेक्षा मला त्या घोड्याचेच अगत्य अधिक. बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉगही मी वारंवार पाहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविलेल्या या मराठीभाषक समाजातील बहुतेक कुटुंबे मुंबईस व पुढे इस्रायलला गेली. त्या वास्तूसमोर उभे राहिले असता, फिरंगी राजवटीच्या अवशेषांपुढे न वाटणारी रुखरुख मनाला लागे.

संध्याकाळ मी कुंडलिकेच्या खाडीकाठी घालवी. पलीकडे कोर्लईचा डोंगर. त्यावरील दुर्ग पोर्तुगीजांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून घेतला. साळावच्या पुलावरून गेले की त्याच डोंगराच्या पायथ्याचे गाव लागते, जेथील ख्रिस्ती कुटुंबे अद्याप पोर्तुगीजपासून निपजलेली आपली स्वतंत्र बोली घरात बोलतात. अंमल जाऊन पावणेतीनशे वर्षे लोटली, दप्तरे लिस्बन-गोव्याकडे राहिली, आणि भाषा मात्र चुलीपाशी टिकली. तिकडच्या एका मासळीवालीशी मी घासाघीस करीत असता ती मध्येच शेजारणीकडे वळून त्या बोलीत काही बोलली, दोघी मनसोक्त हसल्या, आणि मग तिने पापलेटाचा भाव मला शुद्ध मराठीत पुन्हा सांगितला; एक पैसाही कमी न करता.