शिबिरानंतरचे सहा आठवडे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात गावातील सेवा क्लबच्या सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



या मेळाव्यात आमच्या क्लबला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभारी आहोत. अशा प्रसंगी वर्षभरात किती शिबिरे घेतली, किती रुग्ण तपासले, याचे आकडे सांगण्याचा प्रघात आहे. ते आकडे वार्षिक अहवालात येतीलच. आज आम्ही आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि त्या चुकीने आम्हांला जे शिकविले, त्याविषयी बोलणार आहोत.

सेवा क्लबांची परंपरा आता शंभर वर्षांहून जुनी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस यांनी आपल्या तीन मित्रांसह पहिली बैठक घेतली आणि रोटरीचा प्रारंभ झाला. १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स संघटना उभी राहिली. १९२५ साली त्या संघटनेच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी उपस्थितांना अंधांच्या सेवेचे आवाहन केले आणि नेत्रसेवा हे तिचे व्रत झाले. व्यापारी, वकील, शिक्षक, डॉक्टर यांनी आपापला व्यवसाय सांभाळून फावल्या वेळी एकत्र यावे आणि आपल्या गावाचे काही देणे फेडावे, ही या सर्व क्लबांमागील साधी कल्पना. आमचा क्लबही त्याच वाटेने चालणारा आहे. आमच्यात औषध दुकानदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, किराणा व्यापारी आहेत, बँकेत नोकरी करणाऱ्या भगिनी आहेत.

या रुग्णालयाशी आमचे नाते प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शिबिरांमुळे जुळले. आपल्या देशात मोतीबिंदूचा प्रश्न किती मोठा आहे, हे आपण जाणताच. केंद्र सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून लक्षावधी शस्त्रक्रिया झाल्या. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींच्या अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आढळला. शस्त्रक्रियेने जे अंधत्व दूर होऊ शकते, तेच आजही सर्वाधिक आहे.

पूर्वी शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत तात्पुरते शस्त्रक्रियागृह उभारून शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली. आता गावात फक्त तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या सुसज्ज शस्त्रक्रियागृहात. साहजिकच कामाची वाटणी ठरून गेली. तपासणी व शस्त्रक्रिया रुग्णालयाने करावी. गावोगाव निरोप देणे, रुग्णांना आणणे, जेवणाची सोय पाहणे आणि त्यांना घरी पोहोचविणे हे क्लबने करावे. हे काम आम्ही वर्षानुवर्षे उत्साहाने करीत होतो आणि ते चांगले करतो, अशी आमची समजूत होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही जून महिन्याच्या अखेरीस एक मोठे शिबीर घेतले. जूनच्या अखेरीसच का, याचे खरे उत्तर आज आम्ही देतो. आमच्यासारख्या क्लबांचे वर्ष १ जुलै रोजी सुरू होते आणि ३० जून रोजी संपते. दर वर्षी नवे अध्यक्ष, नवे सचिव. मावळत्या पदाधिकाऱ्यांच्या अहवालात शिबिराची नोंद व्हावी, ही इच्छा त्या तारखेमागे होती. पाऊस सुरू झाला होता, पेरण्या चालू होत्या. तरीही माणसे आली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येकाचा डोळा तपासला, काळे चष्मे व थेंबांच्या बाटल्या दिल्या आणि आम्ही सर्वांना घरी सोडले. आठवड्यानंतरच्या तपासणीसाठी आमची गाडी फाट्यावर येईल, असे आम्ही प्रत्येकाला सांगितले.

तो दिवस जुलैच्या पहिल्या रविवारी आला आणि त्याच दिवशी आमचा पदग्रहण समारंभ होता. गाडी पाहुण्यांना आणण्यात गुंतली. जुन्या सचिवांना वाटले, ही जबाबदारी आता नव्यांची. नव्या सचिवांकडे रुग्णांची यादीच पोहोचली नव्हती.

डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवरचे वयोवृद्ध आबा त्या शिबिरातले एक रुग्ण. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा डोळा दुखू लागला. शस्त्रक्रिया झाली म्हणजे थोडे दुखणारच, असे घरच्यांनी मानले. रविवारी तर गाडी येणारच आहे, तेव्हा दाखवू, असा त्यांनी विचार केला. त्या दिवशी आबा आणि त्यांची सून पावसात फाट्यावर आले आणि परत गेले. त्यानंतर दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात आणले. तोपर्यंत डोळ्यात आत जंतुसंसर्ग पसरला होता. डॉक्टरांनी शर्थीचे प्रयत्न केले, परंतु त्या डोळ्याची दृष्टी वाचली नाही.

आम्ही त्यांना भेटावयास गेलो. त्यांनी आम्हांला दूषण दिले नाही. ते एवढेच म्हणाले, "गाडी येणार म्हणून आम्ही दुपारपर्यंत फाट्यावर बसलो होतो."

असा संसर्ग क्वचितच होतो आणि उत्तम शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो. वेळेवर उपचार मिळाले असते तर डोळा निश्चित वाचला असता, असे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. परंतु या विकारात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. आबांचे कितीतरी तास आमची वाट पाहण्यात गेले. हे ओझे आम्ही आजही उतरवून ठेवलेले नाही, आणि ठेवूही नये असे आम्हांला वाटते.

त्या दिवसानंतर क्लबच्या बैठकीत बरेच बोलणे झाले. शिबिरे बंद करावीत, असेही काहींनी सुचविले. तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी पल्स पोलिओची आठवण करून दिली. रोटरीने १९८५ साली जगभर पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात १९९५ साली देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्यातील अनेकांनी बूथवर बसून बाळांना डोस पाजण्यास मदत केली होती. रविवारचा बूथ सर्वांना आठवतो. पण पोलिओ केवळ त्या बूथमुळे गेला नाही. बूथनंतरच्या दिवसांत कार्यकर्ते घरोघर जात, बाळाच्या बोटावरील शाईची खूण पाहत आणि घराच्या भिंतीवर खडूने नोंद करीत. ज्या घरातील बाळ राहून गेले असेल, त्या घरावर फुली पडे आणि त्या घरी पुन्हा जावे लागे. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला पोलिओ झाला, तो देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशाचा मोठा वाटा फुली पडलेल्या घरी परत जाणाऱ्यांचा आहे.

आम्ही ठरविले, आपल्याही वहीत फुली हवी.

त्यातून आजची पद्धत आकाराला आली. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला क्लबचा एक सोबती असतो आणि एका सोबत्याकडे पाचांहून अधिक रुग्ण दिले जात नाहीत. रुग्ण घरी गेल्यावर सोबती पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष भेटतो, मधल्या दिवसांत दूरध्वनी करतो आणि चार प्रश्न विचारतो. डोळा दुखतो का? लाल झाला आहे का? त्यातून घाण येते का? कालच्यापेक्षा आज कमी दिसते का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर सोबत्याने स्वतः निदान करावयाचे नाही; वेळ कोणतीही असो, रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात आणावयाचे. थेंब किती वेळा घालावयाचे, हे आता अक्षरांऐवजी चित्रांनी सांगितले जाते, कारण बाटलीवरील बारीक छपाई वाचणे दृष्टी अधू झालेल्या माणसाकडून आणि निरक्षर घराकडून अपेक्षिणे योग्य नव्हे. तपासणीला न आलेल्या रुग्णाच्या नावापुढे फुली पडते आणि ती फुली पुसली जाईपर्यंत त्या घरी जावे लागते.

क्लबच्या नियमांतही आम्ही बदल केला. मे महिन्याच्या मध्यानंतर शिबीर घ्यावयाचे नाही, म्हणजे सहा आठवड्यांचे काम त्याच पदाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत पुरे होते. सहाव्या आठवड्याची तपासणी झाल्यावाचून शिबीर पूर्ण झाले, अशी नोंद करावयाची नाही.

या भेटींमधून आम्हांला कितीतरी गोष्टी कळल्या. एका आजींची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. त्यांना दूरचा डोंगर स्वच्छ दिसे, पण तांदूळ निवडता येत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर जवळचे पाहण्यासाठी बहुधा चष्मा लागतो, आणि तो डोळा स्थिरावल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, नंबर तपासून द्यावा लागतो. ही शेवटची तपासणी चुकली, की माणूस समजतो, आपली शस्त्रक्रिया फसली; आणि त्याचे पाहून वस्तीवरचे आणखी चारजण शिबिराला येत नाहीत. 'मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये' हा समजही आम्हांला घरोघर भेटला. आजच्या शस्त्रक्रियेला तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड होते आणि कधी डोळ्यातील दाब वाढून कायमची हानी होते. शिबिरात ध्वनिक्षेपकावरून हे सांगून पटत नाही. ओसरीवर बसून, चहा घेता घेता सांगितले की पटते.

आणखी एक गोष्ट भगिनी सभासदांच्या ध्यानात आली. घरात आजोबांची शस्त्रक्रिया झालेली असते आणि आजी चुलीपाशी चाचपडत असतात. विचारले तर म्हणतात, "आधी ह्यांचं होऊ दे, माझं काय, घरातच तर असते." सोबती घरी गेला नसता, तर या आजींचे नाव कोणत्याही यादीत आले नसते. हल्ली आम्ही प्रत्येक भेटीत घरातील इतरांच्या डोळ्यांचीही चौकशी करतो.

देणगीदार बंधुभगिनींनो, या बदलाची एक किंमत आहे, तीही आपल्याला सांगितली पाहिजे. आमची शिबिरे पूर्वीपेक्षा लहान झाली आहेत. जितक्या रुग्णांना सोबती देता येतील, तितक्याच रुग्णांना आम्ही आणतो. एका हितचिंतकांनी विचारले, "आकडा कमी का झाला? काम मंदावले काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना वही दाखविली. प्रत्येक नावापुढे चार भेटींच्या तारखा होत्या. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि पुढील शिबिरात पाच रुग्ण स्वतःकडे मागून घेतले.

म्हणून आज आमची विनंती थोडी निराळी आहे. आपल्या देणगीतून लेन्स येते, औषधे येतात, यंत्रे येतात; त्याबद्दल हे रुग्णालय व आम्ही आपले ऋणी आहोत. परंतु एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी, सहाव्या आठवड्याचा चष्मा, या लहान खर्चांपायी मोठी शस्त्रक्रिया वाया जाण्याचा धोका असतो. देणगीचा काही भाग या खर्चासाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे. ज्यांना शक्य असेल, त्यांनी वर्षातून एका शिबिराचे सहा आठवडे द्यावेत. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. चार प्रश्न विचारता यावेत आणि दिलेली वेळ पाळावी, एवढेच लागते.

रुग्णांच्या कुटुंबीयांनाही एक आर्जव आहे. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर गाडीची, तपासणीच्या तारखेची किंवा आमचीही वाट पाहू नका. मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात या. इथे तुम्हांला कोणी 'उगाच आलात' असे म्हणणार नाही, असे आश्वासन डॉक्टरांनी आम्हांला दिले आहे आणि ते पाळलेही आहे.

आबा आजही त्या वस्तीवर आहेत. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे याच रुग्णालयात झाली. त्यासाठी त्यांचे मन वळविण्यास आम्हांला दोन वर्षे लागली आणि तसे होणे स्वाभाविकच होते. त्या वेळी आठवड्याच्या तपासणीला गाडी ठरल्या वेळेपूर्वी अर्धा तास फाट्यावर उभी होती. आबा त्यांच्या वेळेवर आले, गाडीत बसले आणि पावसापाण्याच्या गोष्टी करू लागले. त्या डोळ्याने ते आता नातवाची पाटी तपासतात.

पुढील शिबिराची सोबत्यांची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. आपले नाव तीत लिहावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.