सुईतलं बिऱ्हाड



लिंबाच्या कोवळ्या पानावरची चंदेरी, नागमोडी रेघ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती नागअळीची करामत. लिंबाचं पान ऐसपैस, तिला हवं तसं वळता येतं. पण पानच सुईएवढं असेल तर? जुनिपर नावाच्या झुडपाचं पान एक-दीड सेंटिमीटर लांब, रुंदीला जेमतेम दीड मिलिमीटर, वर टोकाला बोचरं. त्याच्याही पोटात शिरून वाढणाऱ्या अळ्या आहेत.

जुनिपरची फळं आयुर्वेदात हपुषा म्हणून ओळखली जातात. विलायतेत जिनला वास त्यांचाच. आज मी बोलणार आहे ते दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवरच्या जुनिपरविषयी. तिथे सुया पोखरतो तो आर्जिरेस्थिया ऑरुलेंटेला हा इवलासा पतंग. 1849 साली त्याचं वर्णन केलं हेन्री स्टेंटन यांनी. पुढे 1855 ते 1873 या काळात त्यांनी असल्याच बारक्या पतंगांवर तेरा खंड काढले, तेही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन अशा चार भाषांत! हा खटाटोप कोणाला वेडेपणाचा वाटेल. मला हेवा वाटतो.

अळी सुईला भोक पाडून आत जाते आणि हिरवा गर खाते. साल तेवढी उरते, सुई फिकी पडून वाळते. आत वारा लागत नाही, पाखराची नजर पडत नाही. गांधीलमाशीच्या जातीतल्या परजीवी माश्या मात्र अशा बंद घरातल्या अळ्यांनाही हुडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये पतंग दिसू लागतात. या कुळातले पतंग बसतात तेही विचित्र: डोकं खाली, शेपूट वर. चटकन पाहिलं तर वाळकी काडीच वाटावी.

पण जुनिपरचीच तब्येत बरी नाही. नर-मादी झुडपं वेगळी, फळ पिकायला दोन-तीन वर्षं, आणि उगवलेलं रोप सशांच्या तोंडी. कित्येक टेकड्यांवर नुसती म्हातारी झुडपं उरली आहेत.

आता त्या पतंगाच्याच कुळातला दुसरा भाऊ पाहा. आर्जिरेस्थिया ट्रायफॅसिएटा, सोनेरी-तपकिरी पंखांवर तीन पांढरे पट्टे. मूळचा युरोपच्या मुख्य भूमीवरचा. ब्रिटनमध्ये तो प्रथम सापडला 1982 साली. रोपवाटिकांच्या झुडपांबरोबर आला असावा. त्याची अळी कोवळ्या शेंड्यात शिरते. बागेतला जुनिपर तर तिला चालतोच, पण आपल्या मोरपंखीचा भाईबंद थुजा आणि कुंपणाला लावतात तो लेलँड सायप्रसही चालतो. मग काय, उपनगरभर पंगत मांडलेली! शेंडे करपले की बागवाले उन्हाला नाहीतर थंडीला बोल लावतात. शेंडा मोडून पाहिला तर आतली पोकळी सापडते.

टेकडीवरच्या भावाला मात्र या कुंपणांचा काही उपयोग नाही. त्याला जुनिपरच लागतो.