विमानतळावरची प्रार्थनेची खोली



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला भर रस्त्यात थांबवून विचारले, "काय हो, शनिवार पेठेतल्या माणसाला विमानतळावरच्या प्रार्थनेची चिंता कशाला? आपल्याकडे दर वळणावर देऊळ आहे!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका अंगाला ओंकारेश्वर, दुसऱ्या अंगाला अमृतेश्वर, मध्ये मारुती आणि गणपती किती, ते मोजणाराच थकेल. मंडईला निघालेला माणूस पिशवी सावरीत, वहाण न काढता, हात छातीशी नेतो आणि पुढे जातो. अशा पेठेत प्रार्थनेच्या जागेची वाण नाही.

पण हे गृहस्थ एक गोष्ट विसरले. शनिवार पेठेतला माणूस आता नुसता शनिवार पेठेत राहत नाही. त्याचा मुलगा बंगलोरला असतो, नात अमेरिकेत असते, आणि वर्षातून एकदा तरी हा माणूस बोळातून सामान काढून लोहगावची वाट धरतो. तेथे तो दोन तास आधी पोहोचतो, विमान दोन तास उशिरा सुटते, आणि त्या चार तासांत त्याची सांज टळून जाते. म्हणून विमानतळांवर प्रवाशांसाठी प्रार्थनेची खोली असावी की नसावी, हा प्रश्न परक्यांचा नाही. तो आपल्या घरचा आहे.

ह्या प्रश्नाकडे माझे लक्ष कसे गेले, ते आधी सांगतो. गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलीकडे निघालो होतो. विमानतळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. विमान पाच तास लांबले. दिवेलागण झाली तशी आमच्या सौभाग्यवतींनी खुर्चीवरच डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. शेजारी मालेगावकडचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी मला हळूच विचारले, "दादा, पश्चिम कोणीकडे?" मी काचेतून मावळता सूर्य दाखवला. त्यांनी पाण्याच्या यंत्राजवळच्या कोपऱ्यात चादर अंथरली. चाकांच्या पेट्या ओढीत माणसे त्या चादरीच्या कडेवरून जात होती. थोड्या वेळाने पहारेकरी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बाबा, येथे वाट आहे, उठावे लागेल." बाबा उठले आणि उरलेला नमाज त्यांनी खुर्चीवर बसून पुरा केला.

पहारेकऱ्याचे काही चुकले नाही. वाट अडवणे योग्य नव्हेच. पण माझ्या मनात आले की आमच्या मंडळींना कोणी उठवले नाही. का उठवले नाही? त्यांची प्रार्थना खुर्चीत मावत होती. बाबांच्या प्रार्थनेला दोन हात जमीन लागत होती. भक्तीत कमीअधिक काही नव्हते. फरक होता तो जागेचा. जैन बांधवाला सामायिकाला बसायचे तर अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर शांत बसावे लागते. संध्या करणाऱ्याला पळीभर पाणी आणि ते सोडण्याची सोय लागते. पारशी गृहस्थ दिवसाचे पाच गाह मानतात आणि प्रकाशाकडे तोंड करून कुस्ती सोडतात-बांधतात. तेव्हा खोली न देणे म्हणजे सर्वांना सारखे वागवणे, असे जे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही. ज्यांची प्रार्थना खुर्चीत मावते त्यांची सोय झालेलीच आहे, आणि मी त्यांच्यापैकी आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आता ह्या मागणीविरुद्ध जे बोलले जाते ते पाहू. पहिला आक्षेप आपल्या संतांच्या नावाने येतो. देव चराचरांत आहे, मग त्याला खोली कशाला? मोठा सुंदर विचार आहे. पण श्रोतेहो, हा विचार आपण दुसऱ्याच्या खोलीबद्दल बोलताना जितक्या हौसेने सांगतो, तितक्या हौसेने आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करताना सांगत नाही! देवाला खोली लागत नाही हे कबूल. ती माणसाला लागते. धर्मांनीही प्रवाशाची अडचण ओळखली आहे. मुसलमानी धर्मशास्त्रात प्रवाशाने चार रकातींच्या जागी दोनच पढाव्यात, अशी सवलत आहे. म्हणजे धर्म दोन पावले मागे सरायला तयार आहे. व्यवस्थेने एक पाऊल पुढे यावे, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. सरकारी पैशाने बांधलेल्या जागेत धर्म कशाला? २०२३ साली गुवाहाटी उच्च न्यायालयापुढे अशा खोलीसाठी एक जनहित याचिका आली होती. तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की, येथे मूलभूत हक्काचा भंग कोठे होतो? मला हा प्रश्न रास्त वाटतो. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रत्येक इमारतीत त्यासाठी खोली बांधून देण्याचे वचन दिलेले नाही. पण हक्क नाही म्हणून सोय करू नये, असे कोठे ठरले? तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी विमानतळावर खोली असते. सिगारेट ओढणारांसाठीसुद्धा कित्येक विमानतळांनी काचेची खोली करून दिली. जो धूर सोडतो त्याला खोली, आणि जो श्वास आवरून बसतो त्याला नाही, हा न्याय मला समजत नाही. सत्ताविसावे कलम विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर लावू देत नाही. जी खोली कोणत्याच एका धर्माची नाही तिला ते कलम आड येऊ नये, असे माझे मत आहे.

तिसरा आक्षेप मात्र मोठा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. तो असा, की खोली दिली तरी भांडण मिटत नाही, आणि दिलेली खोली कोणीतरी बळकावतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगलोरच्या केंपेगौडा विमानतळावर दुसऱ्या टर्मिनलमध्ये काही जण बाहेर मोकळ्या जागेत नमाज पढतानाचे चित्रण पसरले आणि वाद उठला. प्रार्थनेची खोली तेथे होती! तेव्हा खोली झाली की सारे सुरळीत, असे समजणे भाबडेपणाचे होईल. खोली असताना वाट अडवणाराला नम्रपणे खोलीकडे नेले पाहिजे. किंबहुना खोली असेल तरच त्याला तसे सांगण्याचा अधिकार व्यवस्थेला येतो.

त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आपल्या ह्याच पेठेत काय झाले, ते आपण जाणताच. शनिवारवाड्यात काही स्त्रिया नमाज पढत असल्याचे चित्रण प्रसृत झाले. निदर्शने झाली, गोमूत्र शिंपडून जागा शुद्ध करण्यात आली, प्रकरण पोलिसांत गेले. वाडा हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे तिकीट काढून इतिहास पाहायला जायचे असते. स्मारकाचे नियम सर्वांनी पाळावेत, ह्याबद्दल वाद नाही, आणि तेथे प्रार्थनेची खोली करा असेही मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की काही बायकांनी थोडा वेळ टेकलेल्या गुडघ्यांनी ह्या शहराची झोप का उडावी? १८२८ च्या आगीतून उरलेला वाडा इतका कच्चा नाही. कोणाची प्रार्थना दिसली की ती जागेवरचा दावा आहे, असेच आपल्याला वाटू लागले आहे. आणि खरे सांगायचे तर ही भीती अगदीच निराधार नाही. कारण आपण सगळेच तसे करीत आलो आहोत. एस. टी.च्या आगारात आधी एक तसबीर येते, मग कोनाडा, मग घंटा, मग दानपेटी, आणि शेवटी वार्षिक उत्सवाची पावती! रेल्वेच्या फलाटालगत कोठे देऊळ वाढते, कोठे मजार वाढते. लोकलमधल्या भजनी मंडळाचा मृदंग गोड असतो, पण त्याच डब्यात रात्रपाळी करून आलेला माणूसही असतो. आपल्याकडे मोकळी भिंत तीन दिवस मोकळी राहत नाही, ही खरी अडचण आहे.

इतरांनी ह्यातून कशी वाट काढली? अमेरिकेत बॉस्टनच्या विमानतळावर १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत एक कॅथॉलिक चॅपेल झाले, ते मुख्यतः तेथे राबणाऱ्या कामगारांसाठी. न्यूयॉर्कच्या विमानतळावर १९६६ च्या सुमारास कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू अशी तीन स्वतंत्र प्रार्थनामंदिरे एका तळ्याकाठी उभी होती. विमानतळ वाढला तशी जागा अपुरी पडली, ती पाडली गेली, आणि पुढे निरनिराळ्या धर्मांची स्थाने एकाच टर्मिनलमध्ये शेजारी शेजारी आली. लंडनच्या हीथ्रोवर १९६८ साली जमिनीखाली ख्रिस्ती चॅपेल झाले; आता त्या विमानतळावर सर्व धर्मांच्या लोकांसाठी खोल्या आहेत. प्रत्येकाने आपापले बांधायचे, ही पद्धत विमानतळावर टिकत नाही. आपल्याकडे तर ती मुळीच चालणार नाही. आपल्या देशातले धर्म आणि पंथ मोजले तर विमानांना उतरायला जागा उरायची नाही!

पण बोध घ्यायला लंडनलाच जायला पाहिजे असे नाही. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे होते. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या त्या समाजाने मूर्तीवाचून मंदिर असू शकते, हे मराठी माणसाला दाखवले. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींनी प्रार्थनेसाठी मैदान मोकळेच ठेवले. भिंत नाही, छप्पर नाही. त्या मैदानावर ईशावास्य, कुराणातील आयत, पारशी प्रार्थना आणि जपानी बौद्ध मंत्र एकापाठोपाठ एक म्हटले जात. रिकाम्या जागेत सर्वांना बसता येते, हे आपल्याच भूमीत सिद्ध झाले आहे.

म्हणून माझी सूचना अशी. विमानतळावर एक शांत खोली असावी. एकाच धर्माची नव्हे, आणि प्रत्येक धर्माची वेगळीही नव्हे. तिच्यात मूर्ती नको, तसबीर नको, घंटा नको, ध्वनिक्षेपक नको, दानपेटी तर नकोच. धूप-दीपही नकोत, कारण ती विमानतळाची इमारत आहे. छतावर चारी दिशांची नावे स्वच्छ लिहावीत, म्हणजे पूर्वेकडे तोंड करणाराला आणि पश्चिमेकडे तोंड करणाराला कोणाला विचारावे लागणार नाही. दाराशी पादत्राणांची फळी असावी आणि हातपाय धुण्यासाठी खालच्या उंचीवर नळ असावा. आज मंडळी तोंड धुण्याच्या बेसिनमध्ये पाय उचलून धुतात. त्यात त्यांचे हाल होतात आणि मागे उभ्या असलेल्यांचा त्रागा होतो. ही खोली सुरक्षा तपासणीच्या आत प्रवाशांसाठी असावी, आणि बाहेर हमाल, झाडूवाले, टॅक्सीवाले ह्यांच्यासाठीही असावी; प्रवासी वर्षातून दोनदा येतो, ते रोज येतात. ज्याला प्रार्थना करायची नाही त्यालाही तेथे गप्प बसण्याची मुभा असावी. आजारी आईची बातमी ऐकून मिळेल त्या विमानाने निघालेल्या माणसाला देवाहूनही आधी चार भिंतींची आणि शांततेची गरज असते.

अशी खोली बांधणे सोपे आहे. ती रिकामी ठेवणे कठीण आहे. पहिली तसबीर कोणी लावली, तर ती काढायला सांगणारा त्याच धर्माचा असला पाहिजे. माझ्या गणपतीची तसबीर तेथे लागली तर ती मी उतरवून घरी आणीन आणि देव्हाऱ्यात ठेवीन. मालेगावच्या बाबांनीही त्यांच्या बाजूने तेच करावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार मला तेव्हाच येईल.

जाता जाता एकच सांगतो. लोहगाव हे परंपरेने तुकोबांचे आजोळ. पुण्याच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. त्या गावात तुकोबांची कीर्तने होत, आणि एकांत हवा असला की ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. दरवर्षी त्यांची पालखी पुण्यात येते तेव्हा आपण वारकऱ्यांना टेकायला ओटी देतो, पाणी देतो. कोण, कोठला, हे विचारीत नाही. आजोळी आलेल्या वाटसरूला घटकाभर टेकायला एक कोपरा द्यावा, ह्यापलीकडे माझे मागणे नाही.