अनोळखी कामाचे धैर्य

(वळसंग येथे तरुणांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



येथून जवळच असलेल्या सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी. गादीवर बसून सुखाने आयुष्य घालविता आले असते. त्यांनी मात्र बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गबांधणीचा ठेका घेतला. खडी, माती, मजुरांचे तांडे यांचा घराण्यात कुणालाच परिचय नव्हता. परंतु भागीदार लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेले. त्या कामाची नस त्यांना ठाऊक होती. अनोळखी क्षेत्रात उतरावे, पण जाणत्याचा हात धरून, हा येथला पहिला धडा.

१९१९ मध्ये ते जहाजवाहतुकीत शिरले. त्यांचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून कोंडी केली, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. प्रत्येक कठीण कामाने पुढच्या कामाचे बळ दिले.

आपल्यापाशी पेढी नाही, पडलो तर सावरणारे कोणी नाही, हे खरे. म्हणून शेती किंवा माग एकदम सोडा, असे मी सांगणार नाही. सुगीनंतरचे चार महिने एखाद्या जाणत्या कारागिराकडे उमेदवारी करून पाहा. आपले मन कोणत्या कामात रमेल, हे हात मळल्यावरच कळते.