तेरड्याच्या बुडाशी

गौरी आणायच्या दिवशी आपण बांधावरचा तेरडा उपटून आणतो. यंदा उपटायला वाकलात की घटकाभर तिथंच बसा. तेरड्याच्या बुडाशी, ओल्या मातीला चिकटलेल्या नाण्याएवढ्या हिरव्या चकत्या दिसतील. त्यांचा एकेक फाटा टोकाशी पुन्हा दुभंगलेला असतो. आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. पण ही आहे रिक्सिया, यकृतका वर्गातली वनस्पती. या वर्गातल्या काहींचा आकार यकृताच्या पाळ्यांसारखा, म्हणून हे नाव.

दोघी शेजारणी, पण संसाराची रीत निराळी. तेरड्याचं खोड मोडून पाहा, बोटांना पाणी लागेल. मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या बारीक नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढतं. रिक्सियाला ना मूळ, ना खोड, ना नळ्या. खालून एकेका पेशीचे केसासारखे मुलाभ मातीला धरून असतात आणि पाणी ती सर्वांगानं शोषते. म्हणून ती जमिनीला बिलगूनच राहते.

वंश वाढवण्यात तर अंतर फारच मोठं. तेरड्याच्या फुलामागे बाकदार शेपटी असते, तिच्यात मध. त्यासाठी येणारी मधमाशी किंवा फुलपाखरू परागकण वाहून नेतं. रिक्सियाच्या पुंपेशीला मात्र स्त्रीबीजापर्यंत पोहत जावं लागतं; पाण्याचा पातळ थर नसेल तर मीलनच नाही. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं, बिया दूर उडतात. रिक्सियाचे बीजाणू तिच्या अंगातच वाढतात आणि ते अंग कुजलं की मोकळे होतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तेरड्याच्या रोपाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, रिक्सियाच्या हिरव्या चकतीत एकच. तेरड्यातही एकसंची पिढी असते, पण परागकणात आणि बीजांडात लपलेली, मोजक्या पेशींची. रिक्सियात तीच पिढी उघड्यावर नांदते.

म्हणून रिक्सियाला कमी लेखू नका. फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे. जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे सापडतात. फुलं येण्याच्या कितीतरी आधी बीजाणूंच्या बळावरच इथली जमीन हिरवी झाली.

गौरीसाठी तेरडा जरूर आणा. पण पायरीवरची हिरवी चकती खरवडण्याआधी घरातल्या मुलांच्या हाती भिंग द्या आणि ती एकदा दाखवा.