छापखान्याची परिभाषा आणि ग्राहक
(भाषणाचा सारांश)



नांदेड-लातूरच्या छापखान्यांतील खिळे जुळविणारा जुळारी आता मागे पडला. संगणक व ऑफसेट यंत्रे आली. तथापि रीम, फर्मा, प्रूफ हे शब्द व्यवहारात टिकून आहेत. ते न उमगल्यास ग्राहकाचेच नुकसान होते.

रीम म्हणजे 500 ताव. डेमी अष्टमांश म्हणजे एका तावाची आठ पाने, अर्थात 16 पृष्ठे; हाच एक फर्मा. 96 पृष्ठांच्या स्मरणिकेस सहा फर्मे पुरतात. 100 पृष्ठे केल्यास उरलेल्या चारांसाठी वेगळी छपाई करावी लागून खर्च वाढतो. प्रूफावरील स्वाक्षरी ही मजकुरास दिलेली अंतिम संमती होय.

म्हणून शाळा, ग्रामपंचायती व सहकारी संस्थांनी दरपत्रके मागविताना आकार, पृष्ठसंख्या व कागदाचे वजन लेखी नमूद करावे, म्हणजे मागाहून वाद उद्भवणार नाहीत.