कर्नलने बसायचं कुठे? केएएसएलआर आणि राखून ठेवलेली मेमरी

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि खिशात मोजकेच पैसे आहेत, त्याने नक्की ऐका.

लॅमिंग्टन रोड तुम्हाला माहीतच असेल. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण रॅम घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे सेकंडहँड रॅम आणि सेकंडहँड लॅपटॉप दोन्ही मिळतात. त्यातल्या एखाद्या रॅममध्ये एक छोटा पट्टा खराब निघतो. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला की सकाळी लाल ओळी दिसतात, आणि सगळ्या एकाच पत्त्याच्या आसपासच्या. रॅम काढता येत असेल तर बदला, विषय संपला. पण आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. मग?

लिनक्समध्ये यावर उपाय आहे. बूट होताना कर्नलला जी ओळ दिली जाते, तिच्यात मेममॅप नावाचा ऑप्शन टाकायचा: आधी किती मेमरी, मग डॉलरचं चिन्ह, मग कुठून सुरू. म्हणजे 'एवढी जागा राखीव, हात लावू नको'. डॉलरऐवजी उद्गारचिन्ह टाकलं तर तोच तुकडा पर्सिस्टंट मेमरी म्हणून वापरता येतो. डेटाबेसवाले टेस्टिंगसाठी हे करतात. आणि नुसतं मेम लिहून आकडा दिला, तर 'एवढीच मेमरी वापर, त्याच्या वर जाऊ नको'.

आता दुसरी गोष्ट. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी आठवा. तळमजला अधिक तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एक इमारत बघितली की सगळ्या कळल्या, डोळे मिटून खोली सापडेल. पूर्वी कर्नलचं असंच होतं. एकाच डिस्ट्रोचा एकच कर्नल सगळ्या मशीनवर त्याच पत्त्यावर बसायचा. हल्लेखोराला एक बग सापडला की पुढचे पत्ते पाठच. म्हणून केएएसएलआर आलं: दर बूटला कर्नल वेगळ्या ठिकाणी बसवायचा. एक्स८६ वर हे २०१४ साली लिनक्स ३.१४ मध्ये आलं. २०१६ च्या ४.८ मध्ये फिजिकल आणि व्हर्च्युअल पत्ते वेगवेगळे निवडायला सुरुवात झाली, म्हणजे कर्नल रॅममध्ये खूप वरपर्यंत कुठेही बसू शकायला लागला. २०१७ च्या ४.१२ पासून ते डिफॉल्टच चालू.

आणि इथेच टक्कर झाली. कारण जागा निवडतं कोण? कर्नल नाही! कर्नल तेव्हा अजून कॉम्प्रेस केलेल्या पोत्यात असतो. त्याच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो जागा निवडतो आणि पोतं तिथे उघडतो. 'ही जागा राखीव आहे' ही चिठ्ठी वाचतो तो कर्नल, पण उठून बसल्यावर. म्हणजे 'आत येऊ नये' ही पाटी खोलीच्या आतल्या भिंतीवर. वाचेपर्यंत तुम्ही आत आलेले असता.

हिशोब करून बघू. ८ जीबी रॅम, २ एमबीच्या पायऱ्या, म्हणजे ढोबळ मानाने ४०९६ जागा. समजा ६४ एमबी खराब म्हणून राखून ठेवलेत आणि कर्नलला स्वतःला ४० एमबी लागतात. मग साधारण ५० जागा अशा, की जिथे बसला तर टक्कर. म्हणजे ऐंशी बूटमध्ये एखादवेळ. रोज एकदा लॅपटॉप चालू करणाऱ्याला अडीच-तीन महिन्यांतून एकदा हँग. दुकानदाराला दाखवायला नेलं की नीट चालणार! असला बग सगळ्यात वाईट. आणि पर्सिस्टंट मेमरीच्या केसमध्ये तर ठेवलेला डेटाच पुसला जातो, तोही आवाज न करता.

२०१७ च्या सुरुवातीला डेव्ह जियांग यांनी पॅच दिला: जागा निवडणारा छोटा प्रोग्रॅमच आता बूटची ओळ वाचतो आणि मेममॅपमधले तुकडे टाळतो. त्याच वर्षी बाओक्वान ही यांनी मेमची वरची मर्यादाही पाळायला लावली. एक मर्यादा मात्र राहिली. तो चारच तुकडे लक्षात ठेवतो. जास्त दिलेत तर फिजिकल जागा रँडम निवडणं तो सोडून देतो, व्हर्च्युअल पत्ता तेवढा बदलत राहतो. मला हे पटतं. इतक्या लवकर चालणाऱ्या कोडमध्ये हुशारी कमी असलेलीच बरी.

नेटवर याचं सरसकट उत्तर मिळतं: 'नोकेएएसएलआर' टाका, प्रश्न मिटला. मिटतो, खरंय. पण नवा कर्नल असेल तर त्याची गरजच नाही, उगाच कडी काढून ठेवल्यासारखं आहे. (कडी फार मजबूत नाहीच म्हणा, कर्नलमधला एखादा पत्ता बाहेर फुटला की बाकीचे मोजता येतात. पण म्हणून कोणी दार उघडं टाकत नाही.)

तुमच्या फोनमध्येही हे आहे बरं का. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या ओरिओपासून, कर्नल ४.४ आणि त्यापुढे. तिथे रँडम आकडा बूटलोडर देतो, आणि मॉडेमसारख्या भागांसाठी राखीव मेमरी कंपनीच डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून ठेवते. ८ जीबीच्या फोनमध्ये पूर्ण ८ दिसत नाहीत, त्याचं हे एक कारण.

आता ज्याला करून बघायचंय त्याच्यासाठी. ग्रबच्या फाइलमध्ये डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लागतात, नाहीतर ग्रब त्याला व्हेरिएबल समजतो आणि ओळ बिघडते. बूट झाल्यावर प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल उघडून ओळ जशीच्या तशी पोचली का ते बघा. मग रूट होऊन आयओमेम फाइल उघडा. तुमचा तुकडा 'रिझर्व्ह्ड' दिसला पाहिजे, आणि 'कर्नल कोड' या ओळीचा पत्ता त्याच्या बाहेर. तो पत्ता लिहून ठेवा, रिस्टार्ट करा, परत बघा. आकडा बदललेला असेल.